चार बोटांचं अंतर

एप्रिल लागला की माझा घसा कोरडा पडतो. घरात कूलर आहे, माठ आहे, सून दर तासाला पाण्याची बाटली समोर आणून ठेवते, तरी पडतो. ती तहान नसते. जालन्याच्या रस्त्यांवर निळ्या पताका दिसायला लागल्या, कुठल्या तरी चौकात कुणी तरी माइकवर ‘हॅलो, हॅलो, चेक’ केलं, की माझा हात आपोआप गळ्याकडे जातो. पन्नास वर्षं होत आली. आता कुणी आपल्याला गायला बोलावणार नाही, हे त्या हाताला अजून कळलेलं नाही.

परवा आमच्या कॉलनीतली प्रज्ञा आली होती. गाते. चांगली गाते, पण तोंडावर सांगायचं नाही, बिघडतात पोरी. जयंतीचे सहा कार्यक्रम घेतलेत म्हणाली, आणि बोलता बोलता पर्समधून मोबाइलएवढं एक यंत्र काढलं. त्यात छोट्या कुपीतलं मिठाचं पाणी ओतलं, बटण दाबलं आणि त्याची नळी तोंडात धरून बसली. ना आवाज, ना घरघर, नुसतं गार धुकं. मधेच नळी काढून म्हणाली, “आजी, नेबुलायझर आहे हा. गळा आतून ओला राहतो. आता सगळे सिंगर वापरतात.” मी म्हटलं, “असं होय. आम्हा अडाण्यांना काय ठाऊक.” ती हसली. तिला वाटलं, म्हातारी खरंच अडाणी आहे. ती नळी तिनं किती सहज ओठांत धरली होती, तेवढंच मी बघत होते.

मी असला फवारा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ही पोरगी तर सोडाच, तिची आईसुद्धा जन्मली नसेल. अंबडला पाहिला. काचेचा होता. लिंबाएवढं पोट, त्यात चमचाभर पाणी मावायचं, एका अंगाला बोटभर काचेची तोटी आणि दुसऱ्या अंगाला रबरी फुगा. फुगा दाबला की तोटीतून धुकं निघायचं. आम्ही त्याला फवाराच म्हणायचो. नेबुलायझर हे नाव मला नातवाला दमा झाला तेव्हा कळलं.

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी एकोणीस वर्षांची. मॅट्रिक झालेली आणि दगडूमामाच्या गायन पार्टीत गाणारी. मामा दिवसा गवंडीकाम करायचा. चुन्या-सिमेंटानं त्याच्या बोटांना चिरा पडलेल्या असत, आणि त्याच बोटांनी तो पेटी अशी वाजवायचा की ऐकणाऱ्याला चिरा दिसत नसत. आमच्याकडं जयंती म्हणजे एका दिवसाचं काम नव्हतं. एकाच दिवशी सगळ्या गावांना पार्टी कुठून मिळणार? म्हणून गावं तारखा वाटून घेत. आज या गावाची, परवा त्या गावाची, असं करत करत जयंतीचा हंगाम वैशाखी पौर्णिमेपर्यंत चालायचा. पेरणी-कापणीचा जसा हंगाम असतो तसा हा आमचा गाण्याचा. आणि तो नेमका त्या दिवसांत यायचा, जेव्हा मराठवाड्यात ओठ फुटतात, जमीन फुटते आणि वारा नाकातोंडात धूळ भरतो. गळ्याला याहून वाईट महिना शोधून सापडला नसता.

माझ्याकडं एक वरचा सूर होता. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये म्हणतात, पण तो सूर आता माझा नाही, तेव्हा केलं तर चालेल. गाणं चढत चढत तिथं आलं की मामा पेटीवरचे हात काढून घ्यायचा. ढोलकी थांबायची. मी एकटी तिथं उभी राहायची, श्वास पुरेल तोवर. मंडपातल्या बायका लेकराला थोपटायचा हात थांबवायच्या. अंबडच्या बाजारात लोक मला अमक्याची पोरगी म्हणत नसत, “ती वरून गाणारी” म्हणत. आमच्या वस्तीतल्या पोरीला ‘वरून’ हा शब्द चांगल्या अर्थानं लागलेला तेव्हा दुसरा मला तरी आठवत नाही. मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू, भरपूर होता.

त्या वर्षी भोकरदनकडच्या एका गावात कार्यक्रम होता. मंडप भरलेला, आणि दुसऱ्याच गाण्याला लाउडस्पीकरची बॅटरी बसली. शहाण्या बाईनं गाणं थांबवलं असतं. मी म्हटलं, आपल्याला माइक कशाला पाहिजे? वारा सुटलेला, धुरळा उठलेला, आणि मी अडीच तास तशीच गायले, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं म्हणून ताणून ताणून. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. सकाळी उठून आईला चहा मागितला तर तोंडातून फाटकं काही तरी निघालं. आई म्हणाली, “खोकून घे.” खोकले. पुन्हा तेच निघालं.

मग सुरू झाले उपाय. आपल्याकडं घसा बसला की गावातला प्रत्येक माणूस वैद्य होतो. कुणी मिरं-खडीसाखर दिली, कुणी ज्येष्ठमध, कुणी ओव्याचं फूल जिभेवर ठेवायला लावलं, त्यानं डोळ्यांतून पाणी आलं आणि घशातून काहीच आलं नाही. आईनं तर कहर केला. घमेलंभर पाणी उकळलं, त्यात निलगिरीचं तेल टाकलं आणि त्या उन्हाळ्यात, भर दुपारी, पत्र्याखाली मला वाकळ पांघरून त्या घमेल्यावर बसवलं. बाहेर ऊन, आत वाफ. मी बाहेर आले तेव्हा घसा आतून सोलल्यासारखा झाला होता. आगीतून निघून फुफाट्यात. आईचा बिचारीचा काय दोष, तिला जे ठाऊक होतं ते तिनं केलं.

शेवटी मामानं मला अंबडच्या डॉक्टरांकडं नेलं. यांचे पूर्वज राजस्थानातून आलेले, जैन, भावांचं कापडाचं दुकान, आणि हे एकटेच हैदराबादला जाऊन डॉक्टर झालेले. माणूस भला, बोलणं खरखरीत. त्यांनी डोक्याला गोल आरसा बांधला, दुसरा इवलासा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर कोमट केला, माझी जीभ फडक्यात धरून ओढली आणि आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मामा बाकावर अर्धवट टेकून बसला होता.

“सूज आहे,” डॉक्टर म्हणाले. “आणि सूज वाईट जागी आहे. गाठ धरायच्या बेतात आहे.”

“म्हंजे?” मामानं विचारलं.

“म्हणजे आत्ता सांभाळलं तर सांभाळलं. नाही तर बोलता येईल, गाता यायचं नाही.”

मला आठवतं, हे ऐकून मी डॉक्टरांकडं नाही, मामाकडं बघितलं. तो म्हणाला, “पौर्णिमेला वडीगोद्रीचा कार्यक्रम घेतलाय, साहेब. सोळा दिवस राह्यले.”

“मंग सोळा दिवस मुकी राहा,” डॉक्टर मला म्हणाले. “एक शब्द नाही. कुजबुजायचं तर बिलकुल नाही, त्यानं गळ्याला जास्त ताण पडतो. वाफ बंद. गळा आतून ओला राहिला पाहिजे, पण गार. मिठाच्या पाण्याचा फवारा सकाळ-संध्याकाळ.” आणि मग जरा थांबून म्हणाले, “तो दवाखान्यात नाही. घरी आहे. आमच्या घरच्यांना दमा आहे, त्यांच्यासाठी मागवलेला. घरी येत जा.”

डॉक्टरांचं घर दवाखान्याच्या मागंच. पुढून रस्त्यावर दार, मागून बोळात. मला कुणी सांगितलं नाही, तरी मी मागच्या दारानं गेले. पायांना ठाऊक असतं. मागच्या पडवीत लाकडी झोपाळा होता आणि त्यावर डॉक्टरीणबाई बसलेल्या. पस्तिशीच्या असतील. गोऱ्या, वाळलेल्या, डोक्यावरून पदर, आणि दोन वाक्यं बोलल्या की श्वासासाठी थांबायच्या. सगळे त्यांना भाभी म्हणत. मीही मनात भाभीच म्हटलं, तोंडानं म्हणायची तर बंदी होती.

“बस,” त्या म्हणाल्या. “पाणी पिशील?”

मी मान डोलावली. त्यांच्याकडं पाणी उकळून गार केलेलं असायचं, त्यांच्या धर्मात तसंच पितात. खिडकीच्या कठड्यावर एक पितळी पेला एकटाच ठेवलेला होता, त्याच्या कडेला लाल दोरा बांधलेला. घरातली बाकीची भांडी आत मांडणीवर चकचकत होती. भाभींनी तो एकटा पेला उचलला, त्यात पाणी ओतलं आणि मला दिला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे पेले मी ओळखत होते. अंबडच्या एका हॉटेलात आमच्यासाठी दोन कपबशा बाहेर खिळ्याला टांगलेल्या असत, आपला चहा प्यायचा, आपला कप विसळायचा, खिळ्याला लावायचा. शाळेत माठातलं पाणी दुसरं कुणी तरी वरून ओतायचं आणि आम्ही ओंजळ धरायचो. दीक्षा घेऊन एवढी वर्षं झालेली, देव्हाऱ्यातले देव गेले, पण ओंजळ काही गेली नव्हती. तोंड असतं तर मी काही तरी बोलले असते, माझी जीभ तेव्हाही काही कमी तिखट नव्हती. बोलता येत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी मान वर केली, पेला उंच धरला आणि वरून धार सोडून पाणी प्याले. काठाला ओठ लागू दिला नाही. म्हटलं, घ्या, धुवायचे कष्ट वाचले.

भाभींनी बघितलं. त्या स्वतःही पाणी वरूनच पीत. मारवाड्यांच्या घरात सगळेच तांब्यानं वरून पितात, त्यात काही विशेष नाही. मग त्यांनी काचेचा फवारा आणला, त्यात मिठाचं पाणी भरलं, फुगा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “हा दाबायचा, आणि श्वास आत घ्यायचा.”

मी तोटी तोंडासमोर धरली. चार बोटं लांब. तोंड उघडलं आणि फुगा दाबला. धुकं आलं, गालाला, नाकाला गार लागलं. दाबत राहिले, श्वास घेत राहिले. ज्या काचेला त्यांचं तोंड लागतं तिला आपलं तोंड लावायचं असतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. कसं येणार? त्या वयापर्यंत मी दुसऱ्याच्या घरातल्या एकाही भांड्याला ओठ लावलेला नव्हता. पाणी संपलं तशी मी फवारा खाली ठेवला. भाभींनी तो उचलला, काचेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. काही बोलणार असं वाटलं. मग त्यांनी तो गरम पाण्याच्या भांड्यात टाकला. मी मनात म्हटलं, तोंड लावलं न्हाई तरी धुऊन राह्यल्या.

असे दहा दिवस गेले. सकाळी एकदा, दिवस मावळायच्या आधी एकदा. गळ्यात पाटी अडकवून हिंडायचे मी. आईला वाचता येत नव्हतं, त्यामुळं घरात पाटीचा उपयोग शून्य. मी खुणा करायची, ती भलतंच समजायची, मीठ मागितलं की केरसुणी आणून द्यायची. चौथ्या दिवशी शेजारणीला म्हणाली, “घर कसं शांत झालं बघ. हे औषध दरसाल केलं पाह्यजे.” शेजारीण हसली. मलाही हसू आलं, पण हसायलाही भीती वाटत होती. गिळताना आत काही तरी अडकल्यासारखं व्हायचं. झोपेत आपण बोललो तर, म्हणून मी तोंडाला पदर बांधून झोपायची. मामा रोज कामावरून परस्पर यायचा, माझ्या गळ्याकडं बघायचा आणि विचारायचा, “हाय का फरक?” मी पाटीवर लिहायची, ‘हाय’. फरक नव्हता. त्याच्या तोंडाकडं बघून लिहायची.

आवाज नसला की माणसाला आपला आवाज फार ऐकू येतो. मी दिवसभर मनात गायची. चढत चढत त्या वरच्या जागेवर जायची, मनात तो सूर लख्ख लागायचा, आणि लगेच शंका यायची की बाहेर लागेल का. हे बघायचं तर तोंड उघडावं लागणार, आणि तोंड उघडलं तर बघण्यासारखं काही उरणार नाही. हल्ली लोक ‘टेन्शन’ हा शब्द भाजी महाग झाली तरी वापरतात. मला तो शब्द ऐकला की ते दहा दिवस आठवतात. आपला जीव आपल्याच गळ्यात ठेवलेला आहे आणि त्याला हात लावून बघायची परवानगी नाही.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा आरसा बांधला. बघितलं. फडक्यातली जीभ सोडली आणि त्यांचं कपाळ आक्रसलं.

“बोलली होतीस?”

मी जोरानं मान हलवली.

“फवारा घेतेस ना बराबर?”

मी मान डोलावली. ते उठले. “चल, दाखव कसा घेतेस.”

आम्ही मागच्या पडवीत आलो. भाभी झोपाळ्यावरच होत्या. त्यांनी फवारा भरला. मी तो हातात घेतला, चार बोटं लांब धरला, तोंड उघडलं, फुगा दाबला. डॉक्टर दोन क्षण बघत राहिले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

“अगं, हे काय करून राह्यली? हवेला पाजतेस का? या उन्हात ते पाणी तोंडापर्यंत पोचायच्या आत उडून जातं. तोटी दातांच्या आत धरायची, ओठ मिटायचे, मंग दाबायचं.” आणि भाभींकडं वळले. “तू समोर बसलेली असतेस ना रोज?”

भाभींनी मान खाली घातली. डॉक्टर आणखी काही बोलणार होते, पण दवाखान्यात कुणाला तरी विंचू चावलेला आणला होता, त्यांना हाक आली आणि ते गेले. पडवीत आम्ही दोघीच उरलो.

झोपाळा थांबलेला होता. भाभी उठल्या. माझ्या हातातला फवारा घेतला, तोटी स्वतःच्या तोंडात धरली, ओठ मिटले, डोळे मिटले आणि तीनदा फुगा दाबला, प्रत्येक वेळी सावकाश श्वास ओढत. मग तोंडातून काढला आणि तसाच, न पुसता, न धुता, माझ्यापुढं धरला.

“घे,” त्या म्हणाल्या.

आता खरं सांगते. मी तो लगेच घेतला नाही. एवढी भाषणं ऐकलेली, एवढी गाणी गायलेली मी. समतेवरची गाणीच्या गाणी मला पाठ होती. पण हात पुढं होईना. तो आदरानं होत नव्हता की भीतीनं, की इतक्या वर्षांच्या रागानं, हे मला आजही सांगता येणार नाही. मग पौर्णिमा आठवली आणि मी घेतला. तोटीला त्यांच्या तोंडाची ऊब होती. मी ओठ मिटले आणि फुगा दाबला.

गार धुकं टाळूवर लागलं, मागं सरकलं आणि खाली उतरलं. थेट तिथं, जिथं दुखत होतं. दहा दिवसांत पहिल्यांदा. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना, आणि मी फुगा दाबत राहिले. बरं वाटत होतं आणि त्याच वेळी इतका संताप येत होता की तो फवारा भिंतीवर मारावासा वाटत होता. दहा दिवस मी हवा खाल्ली होती.

उरलेले सहा दिवस मी तीन-तीन वेळा जायची. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीची गोष्ट, भाभींना खोकल्याची उबळ आली आणि त्यांनी कठड्यावरचा तो लाल दोऱ्याचा पेला उचलून पाणी घेतलं. मी बघतच राहिले. पाटीवर लिहिलं, ‘हा पेला कुणाचा?’

“माझा,” त्या म्हणाल्या. “दम लागतो ना, तर सासूबाईंना वाटतं क्षयच आहे. डॉक्टरसाब हजारदा समजावतात. पण पेला वेगळाच राहिला. ताटपण.”

म्हणजे पहिल्या दिवशी त्यांनी मला आमच्यासारख्यांचा पेला दिलाच नव्हता. स्वतःचा दिला होता. मला फार वाईट वाटलं, हे कबूल करते. पण लगेच दुसरंही मनात आलं, तेही कबूल करते, कारण लोक असल्या गोष्टी ऐकून चटकन गहिवरतात आणि म्हणतात, बघा, दोघींचं दुःख सारखंच. सारखं नव्हतं. भाभींचा दमा बरा झाला असता तर तो पेला त्याच दिवशी मांडणीवर गेला असता. मी कशातून बरी होणार होते? ज्याचं जळतं त्याला कळतं. तरी पण सहा दिवस आम्ही एकाच तोटीनं धुकं प्यालो, हेही तितकंच खरं आहे.

पौर्णिमेच्या सकाळी डॉक्टरांनी एक शब्द बोलायची परवानगी दिली. सोळा दिवसांनंतरचा माझा पहिला शब्द काय असावा, याचा मी फार विचार करून ठेवला होता, आणि ऐन वेळी तोंडातून निघालं, “मामा.” जाडसर निघालं, पण अखंड निघालं. कुठं फाटलं नाही. दगडूमामा दवाखान्याच्या पायरीवर उभा होता. तो टोपी काढून तोंड पुसत राहिला.

वडीगोद्रीला आम्ही दुपारच्या एस.टी.नं गेलो. कार्यक्रम उजेडातच सुरू झाला, कारण सकाळी सगळ्यांना कामावर जायचं होतं. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया पुढं बसलेल्या, मागं माणसं, त्यामागं सडकेवरून जाणारे ट्रक. मामानं पेटी नेहमीच्या उंच पट्टीत, काळी चारवर धरली आणि माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. पहिलं गाणं निघालं, दुसरं निघालं. आवाज भरून येत होता. मामाच्या कपाळावरची ताठलेली नस सैल झालेली मला दिसली. तिसरं गाणं चढायला लागलं. एक पायरी, दुसरी, तिसरी. मामानं सवयीनं पेटीवरचे हात काढले. ढोलकी थांबली. बायांचे थोपटणारे हात थांबले. मी श्वास घेतला आणि वर गेले.

वर काही नव्हतं. तोंड उघडं होतं, छाती भरलेली होती, आणि गळ्यातून नुसता वारा निघाला. किती वेळ, ते मला माहीत नाही. सडकेवरून एक ट्रक गेल्याचं मला ऐकू आलं. मग मामाचे हात पेटीवर पडले. त्यानं ओळ खाली ओढून घेतली, मला खालचा सूर दिला आणि डोळ्यांनीच म्हणाला, इथून. मी तिथून गायले. पुढची सगळी गाणी त्यानं खाली, काळी दोनवर आणली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी पुढं येऊन म्हणाली, “यंदा आवाजाला वजन आलं गं बाई.” मी तिच्या पाया पडले. त्या टाळ्या मला अजून लागतात.

तो सूर परत आला नाही. पुढं चार हंगाम मी खालच्या पट्टीत गायले, मग शिक्षिकेची नोकरी लागली आणि आवाज पाढे घोकून घेण्यात गेला. आताचे डॉक्टर सांगतात, फवाऱ्यानं गळा ओला राहतो, पण गाठ काही विरघळत नाही, तेव्हा दहा दिवस नीट घेतला असता तरी सूर वाचला असताच असं नाही. असेल. ते शिकलेले आहेत. पण मला त्या दहा दिवसांचा हिशेब कुणाकडून तरी पाहिजे होता, आणि तो मी मागायलाही गेले होते.

पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. त्या दिवशी मी पुढच्या दारानं गेले. भाभी पडवीत झोपाळ्यावर होत्या. त्यांनी माझा आवाज अजून एकदाही ऐकलेला नव्हता.

“भाभी,” मी म्हणाले, “मी फवारा लांब धरून राह्यले, ते तुम्हाला दिसत व्हतं ना?”

त्या माझा आवाज ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “दिसत होतं. पहिल्याच दिवशी दिसलं.”

“मंग?”

“मला वाटलं, माझ्या तोंडचं तुला नको असेल. इथं कुणालाच नको असतं.” त्यांना धाप लागली, त्या थांबल्या. “मी म्हटलं, आपण होऊन कशाला सांगा. तिनं नको म्हटलं तर?”

“मी कशी म्हणणार नको?” माझा आवाज चढला, म्हणजे जेवढा चढत होता तेवढा. “मला बोलायची बंदी व्हती, भाभी.”

“हो,” त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. “तुला होती. मला कुणाची होती?”